शॉप फ्लोअरवर एआय: काम निवडण्यापासून दहाव्या ग्राहकापर्यंत

कारखाना, गोदाम, शेत, पंपघर अशा ठिकाणी एआयचा स्टार्टअप काढायचा असेल तर मॉडेलपासून सुरुवात करू नका. या धंद्यात मॉडेल हा आता सर्वांत सोपा भाग झाला आहे. खरी मेहनत लागते ती प्रकाश नीट बसवायला, सेन्सर घट्ट लावायला, खराब मालाचे पुरेसे नमुने गोळा करायला आणि इशारा आल्यावर पाना घेऊन कोण उठणार हे ठरवायला. ज्यांना हे जमतं त्यांच्यासाठी काम भरपूर आहे, कारण यंत्राजवळचे बहुतेक निर्णय अजूनही माणसाच्या डोळ्यावर, कानावर आणि हाताला जाणवणाऱ्या थरथरीवर चालतात.

एकच निर्णय निवडा

‘गुणवत्ता सुधारणं’ हा निर्णय नव्हे. ‘हा जॉब (म्हणजे यंत्रावर तयार होणारा एक नग) पुढे सोडायचा की बाजूला काढायचा’ हा निर्णय आहे. ‘हा पंप पुढच्या शटडाउनपर्यंत टिकेल का’ हाही निर्णय आहे. असा एक निर्णय हाती लागला की त्याला चार प्रश्न विचारा. तो दिवसातून किती वेळा घेतला जातो? तो बरोबर होता की चूक, हे कधी कळतं? चुकला तर काय जातं? आणि निर्णयानंतरची कृती कोण करतं?

सुरुवातीला असं काम घ्यावं जिथे निर्णय दिवसातून हजारदा होतो, खरं उत्तर त्याच पाळीत मिळतं, चूक झाली तर एखादा जॉब वाया जातो आणि कृती करणारा माणूस तिथेच उभा असतो. पंधरा-वीस वर्षांतून एकदा जळणाऱ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं भाकीत कागदावर फार आकर्षक दिसतं. पण तुमचं भाकीत बरोबर होतं हे सिद्ध व्हायलाच तितकी वर्षं लागतील. नव्या कंपनीने तिथे जाऊ नये.

2011 साली सुरू झालेली, शेतीची यंत्रं बनवणारी अमेरिकी कंपनी ब्लू रिव्हर टेक्नॉलॉजी आधी फक्त लेट्यूसच्या विरळणीत उतरली. कॅमेरा रोप पाहतो, ठेवायचं की काढायचं ते ठरवतो आणि पुढच्या रोपाकडे जातो. एका शेतात असे हजारो निर्णय होतात आणि एक चुकला तर एक रोप जातं. तण ओळखून नेमकी फवारणी करण्यापर्यंत ती कंपनी नंतर पोचली, आणि 2017 मध्ये ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअरने ती 30 कोटी 50 लाख डॉलरना घेतली.

अवघड भाग माणसाकडेच ठेवणं हीसुद्धा रचनाच असते. किव्हा सिस्टिम्सच्या गोदामातले रोबो एकही वस्तू उचलत नसत. ते जमिनीवर चिकटवलेल्या खुणा वाचत अख्खी मांडणी उचलून माणसापुढे आणत आणि वस्तू माणूस काढत असे. हजार आकारांच्या वस्तू पकडण्याचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, त्याला वळसा घातला. अॅमेझॉनने 2012 मध्ये ही कंपनी 77 कोटी 50 लाख डॉलरना घेतली. त्याच वर्षी रीथिंक रोबोटिक्सचा बॅक्स्टर हा रोबो बाजारात आला. त्याचे सांधे स्प्रिंगच्या लवचिकतेवर चालत, त्यामुळे तो माणसाशेजारी सुरक्षित होता, पण कारखान्याला लागणारी अचूकता आणि वेग त्याच्याकडे नव्हता. 2018 मध्ये ती कंपनी बंद पडली. सगळी कामं थोडी थोडी करणाऱ्या यंत्रापेक्षा एकच काम पूर्ण करणारं यंत्र आधी विकलं जातं.

पाहणी: तीन पाळ्या, एक वही

निवडलेल्या जागी तिन्ही पाळ्या उभं राहा. रात्रपाळीला प्रकाश वेगळा असतो, माणसं कमी असतात आणि दिवसा ज्या गोष्टी ‘कधीच होत नाहीत’ त्या रात्री होतात. वहीत आकडे लिहा: एका जॉबला किती सेकंद लागतात, पाळीत किती रिजेक्ट, किती रीवर्क, किती वेळा लाइन थांबली आणि किती मिनिटं. ऑपरेटरला ‘अडचण काय आहे’ असं विचारू नका. ‘कालच्या पाळीत शेवटचं काय अडलं होतं’ असं विचारा. उत्तर ठोस मिळतं.

मग फायद्याचा हिशोब करा, आणि तो कंजूषपणे करा. समजा एक यंत्र महिन्यात 6 वेळा, दर वेळी 40 मिनिटं अचानक बंद पडतं. म्हणजे 240 मिनिटं. दर 12 सेकंदांना एक जॉब निघत असेल तर 1,200 जॉब गेले. तुम्ही निम्मे बिघाड आधी ओळखाल, आणि ओळखलेल्यांपैकी निम्म्यांनाच वेळेवर दुरुस्ती होईल असं धरा. हातात 300 जॉब उरतात. तेही हे यंत्र लाइनचा सर्वांत अरुंद गळा असेल तरच. त्याच्यापुढचं यंत्र जर आणखी हळू असेल, तर बंद काळात साठलेला माल ते तसंही संपवत असतं आणि तुमचा फायदा शून्याजवळ जातो. हा मुद्दा कारखान्याच्या व्यवस्थापकाला लगेच कळतो, म्हणून तो तुम्हाला आधी कळलेला असावा.

कॅमेऱ्याची तपासणी

नव्या कंपनीसाठी सर्वांत मोकळं दार हेच आहे, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. सुरुवात मोजमापापासून करा. सर्वांत बारीक ओरखडा 0.2 मिलिमीटरचा पकडायचा असेल तर त्यावर किमान 4 पिक्सेल पडायला हवेत. म्हणजे एक पिक्सेल 0.05 मिलिमीटर. चित्राची रुंदी 100 मिलिमीटर असेल तर आडवे 2,000 पिक्सेल लागतात. हा हिशोब न करता घेतलेला कॅमेरा दोष दाखवतच नाही, आणि मग महिनाभर मॉडेलला दोष दिला जातो.

आता वेग. कन्व्हेयर सेकंदाला 500 मिलिमीटर सरकत असेल आणि चित्र अर्ध्या पिक्सेलपेक्षा, म्हणजे 0.025 मिलिमीटरपेक्षा, जास्त फरफटू नये असं वाटत असेल, तर शटर 50 मायक्रोसेकंदच उघडं ठेवता येतं. इतक्या कमी वेळात छतावरच्या दिव्याचा उजेड पुरत नाही, त्यात तो विजेच्या वारंवारितेच्या दुपटीने लुकलुकतही असतो, म्हणून एक चित्र उजळ आणि पुढचं काळपट येतं. उपाय एकच: कॅमेऱ्याच्या ट्रिगरबरोबर चमकणारा एलईडी स्ट्रोब. कॅमेरा ग्लोबल शटरचा, म्हणजे सगळं चित्र एकदम टिपणारा, घ्या. रोलिंग शटर ओळीओळीने चित्र घेतं, त्यामुळे सरकणारा गोल जॉब तिरका दिसतो.

प्रकाशाची दिशा दोषावर ठरते. ओरखडा किंवा पोचा पाहायचा तर प्रकाश कडेने, कमी उंचीवरून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर मारा. सपाट भाग काळा राहतो आणि ओरखड्याची कड चमकते. कडेची बर (कापताना मागे राहिलेली धातूची धारदार कुसळं) किंवा भोकाचा आकार पाहायचा तर मागून प्रकाश द्या. आरशासारख्या चकचकीत, वळणदार जॉबला घुमटाकार दिवा लागतो. लाल एलईडी आणि लेन्सवर फक्त तोच लाल पट्टा जाऊ देणारा फिल्टर लावला की खिडकीतल्या उन्हाचा त्रास बराच कमी होतो. लेन्सचे फोकस आणि अॅपर्चर स्क्रूने घट्ट करा आणि स्क्रूवर रंगाची खूण करा, म्हणजे कुणी हलवलं तर लगेच दिसेल.

यानंतर नमुने. मॉडेल शिकवण्याआधी 200 जॉब घ्या, त्यात चांगले, वाईट आणि सीमेवरचे मिसळा आणि तीन तपासनिसांना वेगवेगळं बसवून दोनदा तपासायला सांगा. दुसऱ्या वेळी क्रम बदला. बहुतेक ठिकाणी सीमेवरच्या जॉबवर त्यांचं एकमत होत नाही, आणि एकच माणूस दोन वेळा दोन उत्तरं देतो. आधी मर्यादा ठरवा: किती लांबीचा, किती खोल, कोणत्या पृष्ठभागावरचा ओरखडा चालणार नाही. माणसांचं एकमत नसेल तर मॉडेलला शिकवायला काही उरत नाही.

शिकवायचा आणि तपासायचा डेटा वेगळा करताना चित्रं पिसू नका. एकाच जॉबची लागोपाठ आलेली दोन चित्रं दोन्ही बाजूंना गेली तर चाचणीत 99 टक्के दिसतात आणि लाइनवर निराशा होते. तारखेनुसार, बॅचनुसार, डायनुसार वेगळं करा. साचा बदलला, तेल बदललं, पुरवठादार बदलला की काय होतं, ते तिथेच कळतं.

आणि हा हिशोब ग्राहकाला पहिल्याच बैठकीत दाखवा. रोज 10,000 जॉब निघतात, त्यात अर्धा टक्का, म्हणजे 50 खराब. तुमची यंत्रणा 98 टक्के खराब पकडते आणि 2 टक्के चांगल्यांवर चुकून बोट ठेवते. म्हणजे 49 खरे खराब सापडले, पण 199 चांगले जॉबही बाजूला पडले. बाजूच्या ट्रेमधल्या 248 पैकी पाचातले चार चांगले. दोन दिवसांत ऑपरेटर ट्रे न बघता परत लाइनवर ओततो. त्याची चूक नसते. म्हणून चुकीच्या इशाऱ्यांचं प्रमाण टक्क्यात न सांगता ‘पाळीत किती जॉब पुन्हा हाताने बघावे लागतील’ या आकड्यात सांगा, आणि तो आकडा कोण हाताळणार हे आधी ठरवा.

फिरत्या यंत्रांचं कंपन

मोटर, पंप, पंखे, गिअरबॉक्स यांच्यातला बिघाड आधी कंपनात दिसतो. इथे गणित आधीच उपलब्ध आहे. 6205 या बेअरिंगमध्ये 9 गोळ्या असतात. बाहेरच्या कड्यावर खड्डा पडला की शाफ्टच्या एका फेरीत सुमारे 3.585 ठोके पडतात, आतल्या कड्यावर पडला तर सुमारे 5.415. मोटर मिनिटाला 1,480 फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला 24.67 फेऱ्या, म्हणजे बाहेरच्या कड्याचे ठोके सुमारे 88.4 हर्ट्झला आणि आतल्याचे 133.6 हर्ट्झला. भार वाढून वेग 1,460 वर आला तर 88.4 चे 87.2 होतात. म्हणून वेग नोंदवल्याशिवाय कंपन नोंदवू नका. व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) चालणाऱ्या मोटरला तर हे अनिवार्यच आहे. 50 हर्ट्झच्या विजेवर 100 हर्ट्झला मोटरचा स्वतःचा विद्युत गुंजारवही असतो. नवखे लोक त्यालाच बेअरिंगचा बिघाड समजतात.

सुरुवातीचा बारीक खड्डा या खालच्या वारंवारितेत दिसतही नाही. प्रत्येक ठोक्याने बेअरिंगची घंटी काही किलोहर्ट्झला वाजते, फक्त तो पट्टा गाळून घेतला आणि त्याचं एन्व्हलप, म्हणजे लाटेच्या चढउताराची बाह्यरेषा, काढलं की ठोक्यांची लय सापडते. त्यासाठी सेन्सरला वरची वारंवारिता कळली पाहिजे, आणि अनेक स्वस्त मेम्स (चिपवर बनवलेले) सेन्सर तिथपर्यंत पोचत नाहीत. माहितीपत्रकातला वारंवारितेचा आलेख बघूनच घ्या. बसवणं तितकंच महत्त्वाचं: स्टडने पिळलेला सेन्सर सर्वांत चांगला, योग्य चिकटद्रव्य त्याखालोखाल, चुंबक फक्त फेरी मारून तपासण्यापुरतं. रंगाच्या जाड थरावर किंवा पंख्याच्या पत्र्याच्या झाकणावर लावलेला सेन्सर पत्र्याचंच कंपन सांगतो. रंग खरवडा, जागा सपाट करा, बेअरिंगच्या घराजवळ आणि भाराच्या बाजूला बसवा.

डेटा सतत साठवू नका. 25.6 किलोहर्ट्झने तीन अक्षांवर, प्रत्येक नमुन्याला 2 बाइट धरले तर दिवसाला एका सेन्सरचे 13 जीबी होतात. त्याऐवजी दर 10 मिनिटांनी 4 सेकंदांची नोंद घ्या. दिवसाला सुमारे 88 एमबी भरतात, आणि 4 सेकंदांमुळे 0.25 हर्ट्झपर्यंतचा फरक वाचता येतो.

इथली खरी अडचण म्हणजे बिघाडाची उदाहरणंच नसतात. चांगला कारखाना बेअरिंग फुटू देत नाही. म्हणून ‘हा कोणता बिघाड’ असं शिकवण्यापेक्षा ‘या यंत्राची या वेगाला, या भाराला नेहमीची चाल कशी’ हे शिकवा, आणि त्यापासून ढळलं की वरच्या ठोक्यांच्या गणिताने कारण सांगा. बदललेलं प्रत्येक बेअरिंग मागून घ्या, कापून बघा, फोटो काढा, तारखेसह नोंदीला जोडा. दोन वर्षांत तुमच्याकडे असा संग्रह होतो जो प्रतिस्पर्ध्याला विकत मिळत नाही. मेंटेनन्सच्या माणसाला पाठवलेला इशाराही असाच ठोस हवा: ‘पंप 3, मोटरची पंख्याकडची बाजू, बाहेरच्या कड्याची खूण तीन आठवड्यांत दुप्पट, या महिन्यात बदला’. ‘आरोग्य निर्देशांक 62’ वाचून कुणीही उठत नाही.

पीएलसीला जोडणी

पीएलसी म्हणजे यंत्र चालवणारा औद्योगिक नियंत्रक संगणक. त्याच्याशी बोलायच्या ठरलेल्या पद्धती असतात: जुन्या यंत्रांशी मॉडबस, नव्यांशी ओपीसी यूए, आणि पुढे डेटा न्यायला एमक्यूटीटी, एवढ्यावर बहुतेक काम भागतं. मॉडबस 1979 सालचं आहे आणि त्याच्या मूळ रूपात ओळख पटवण्याची सोयच नाही, त्यामुळे ज्याला जाळ्यात शिरता येतं त्याला मूल्यं लिहिताही येतात. तुमचा बॉक्स फक्त वाचेल अशी व्यवस्था करा, कारखान्याच्या नियंत्रणाचं जाळं वेगळं ठेवा, बाहेरून आत येणारा एकही मार्ग उघडू नका. औद्योगिक सायबर सुरक्षेसाठी आयईसी 62443 ही मानकमालिका आहे. मोठे ग्राहक तिच्याबद्दल विचारतातच.

रोज चुकणाऱ्या दोन गोष्टी: कागदावरचा 40001 हा पत्ता प्रत्यक्षात बहुधा 0 असतो, म्हणून एकाने सरकलेली मूल्यं वाचली जातात. आणि 32 बिटांचा दशांश दोन रजिस्टरमध्ये (पीएलसीच्या 16 बिटांच्या कप्प्यांत) विभागलेला असतो, त्यांचा क्रम उलटा घेतला तर तापमान भलतंच येतं. पॅनलवरच्या डिस्प्लेशी प्रत्येक टॅग (वाचलेलं प्रत्येक मूल्य) समोर उभं राहून ताडून बघा. कॅमेरा, सेन्सर, पीएलसी यांची घड्याळं एकाच वेळेला लावा. दोन सेकंदांचा फरक असेल तर एका जॉबचं तापमान दुसऱ्या जॉबच्या चित्राला चिकटतं, आणि ही चूक कुठल्याच आलेखात दिसत नाही.

सुरक्षेत हात घालू नका

आपत्कालीन थांबा, लाइट कर्टन (हात आड आला की यंत्र थांबवणारा प्रकाशाचा पडदा), दाराचं इंटरलॉक (दार उघडलं की यंत्र थांबवणारी कळ) ही साखळी वायरीने आणि प्रमाणित सुरक्षा रिलेने चालते, आणि तशीच राहू द्या. न्यूरल नेटवर्कने ‘समोर माणूस नाही’ म्हटल्यावर रोबोचा हात हलेल अशी रचना करू नका. रोबोसाठी आयएसओ 10218, नियंत्रणाच्या सुरक्षा भागांसाठी आयएसओ 13849 आधी वाचा. युरोपात यंत्र विकायचं असेल तर 20 जानेवारी 2027 पासून तिथे 2023/1230 हा यंत्रविषयक नियम लागू होतो. रचना करतानाच तो हाताशी ठेवा, नंतर बसवायला गेलात तर यंत्र उघडावं लागतं.

पायलट

पायलट म्हणजे ग्राहकाकडची छोटी चाचणी. तिचे पहिले काही आठवडे यंत्रणा सावलीसारखी चालवा: ती निर्णय नोंदवेल, कृती करणार नाही. मग ती सुचवेल आणि माणूस बटण दाबेल. शेवटी ती स्वतः करेल, मर्यादेत, आणि माणसाला कधीही थांबवता येईल. गूगलच्या डेटा सेंटरमधलं कूलिंग याच वाटेने गेलं. 2016 मध्ये डीपमाइंड या गूगलच्याच एआय कंपनीच्या मदतीने कूलिंगची वीज 40 टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा यंत्रणा शिफारशी देत होती. थेट नियंत्रण 2018 मध्ये आलं, तेही ठरलेल्या सीमांच्या आत.

पायलट फुकट करू नका. थोडे का होईना पैसे घेतले की ग्राहकाच्या बाजूने एक जबाबदार माणूस नेमला जातो, आणि तो माणूसच पायलट तारतो. यश म्हणजे काय हे सुरू होण्याआधी कागदावर लिहा: किती खराब सुटले तर चालतील, पाळीत किती चुकीचे इशारे चालतील, किती दिवस, आणि आकडे जमले तर पुढची ऑर्डर किती यंत्रांची. नमुन्यांच्या संख्येबद्दल एक साधा नियम: 300 खराब जॉब दाखवले आणि एकही सुटला नाही, तरी 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की सुटण्याचं प्रमाण 1 टक्क्याच्या आत आहे. 3 भागिले नमुन्यांची संख्या. तीस जॉबवर ‘शंभर टक्के अचूक’ म्हणणाऱ्याला अनुभवी क्वालिटी मॅनेजर दारातूनच परत पाठवतो.

दर आणि दुसरा कारखाना

दर यंत्रामागे दरमहा किंवा तपासलेल्या जॉबमागे घ्या. बचतीतला वाटा मागणं न्याय्य वाटतं, पण उत्पादन वाढलं, माल बदलला की मूळ आकडा कोणता यावर वाद सुरू होतो आणि पैसे अडकतात. करारात दोन ओळी हव्यातच: चित्रं आणि नोंदी ग्राहकाच्या, पण त्यांच्यावरून सुधारलेलं मॉडेल इतरत्र वापरायचा हक्क तुमचा. पहिल्या ग्राहकाकडे ही ओळ मागायची राहिली तर दहाव्या ग्राहकाकडे पुन्हा शून्यातून शिकवावं लागतं.

प्रत्येक बसवणीचे तास लिहून ठेवा: वायरिंग, प्रकाश, नमुने, शिकवणं, कर्मचाऱ्यांना समजावणं, वेगवेगळे. पाचव्या ठिकाणी पहिल्याच्या चौथाई वेळ लागला पाहिजे. लागत नसेल तर नवे ग्राहक घेणं थांबवा आणि सर्वांत जास्त तास खाणारा एक टप्पा आधी सोडवा. तो बहुधा प्रकाश किंवा नमुनेच असतो.

दहाव्या ग्राहकाकडे जाण्याआधी एक चाचणी करा. चालू लाइनवरचा एक कॅमेरा काढा आणि पेटीतला सुटा कॅमेरा तिथल्याच फिटरला बसवायला सांगा. पेटीत कॅमेरा, लेन्स, जोडणीची केबल, कंस (ब्रॅकेट), अॅलन की, आणि एक चांगला व तीन ठरलेले खराब जॉब असावेत. तुमचा माणूस बाजूला उभा राहील, हात लावणार नाही, फोनवरही बोलणार नाही. फिटर कॅमेरा कंसातल्या खाचेत बसवेल, चारही जॉब एकेक करून खाली ठेवेल आणि पडद्यावर चारही उत्तरं बरोबर आली की लाइन सुरू करेल. किती मिनिटं लागली आणि तो कुठे अडला ते लिहून घ्या.